बेल्जियमचं कार्ड आणि मारोतीचे रोडगे

१

कार्ड गेलं हे कळलं तेव्हा पंगतीत दुसऱ्यांदा वरण फिरत होतं, त्यामुळे बराच वेळ कोणाचा हात काही थांबला नाही. उभी राहिली ती एकटी वर्षाराणी.

"बाबा, माझं कार्ड कोणापाशी हाये?"

जगदेव गोट्यांनी लेकीकडे पाहिलंसुद्धा नाही. "फिरून राह्यलं असंन. पाहू दे लोकायले. येईन वापस."

फिरवलं त्यांनीच होतं. पोरगी बेल्जियमच्या मोठ्या विद्यापीठात मातीवर पीएचडी करते, हे ऐकवून ऐकवून त्यांनी गावाचे कान किटवले होते. आता गावाचे डोळे बाकी होते. म्हणून नाताळच्या सुट्टीत घरी आलेल्या लेकीला त्यांनी हुकूम सोडला, की तिकडच्या सरकारनं दिलेलं रहिवासाचं कार्ड पंगतीला घेऊन ये. हातात मावेल एवढं प्लास्टिकचं कार्ड. पण ते नसलं तर पासपोर्ट असून नसल्यासारखा, विमानात पाय ठेवू देत नाहीत. तेच कार्ड अख्ख्या पंगतीत पानोपानी फिरलं. कोणी उलटं धरून वाचलं, कोणी नखानं खरवडून पाहिलं, आणि एका म्हातारबुवांनी "याच्यावर राशन भेटते का?" असं विचारून घेतलं.

किन्हीराजाहून आत जाणाऱ्या वाटेवर गोट्यांचं शेत, आणि शेताच्या बांधाला मारोतीचा ओटा. आई लहानपणीच गेलेल्या वर्षाराणीला वाढवलं ते तिच्या आत्यानं, रंगूबाईनं. पोरगी परमुलखात टिकली तर मारोतीला रोडगे घालीन, हा नवसही आत्याचाच. सकाळपासून गोवऱ्यांच्या विस्तवात कणकेचे मोठाले गोळे भाजले जात होते. तुपाचं पातेलं मांडीशी धरून रंगूबाई सगळ्यांवर ओरडत होती, "आधी देवाचं कोरडं काढा, मंग तुपाले हात लावा! भुकेलेले कुठले!"

आणि आता नवस फिटता फिटता कार्ड गेलं होतं.

पंगतीच्या टोकाला ज्योत्स्नाताई बसल्या होत्या. गावच्या पोलीस पाटील. पन्नाशीच्या अलीकडची, तोंडानं फटकळ बाई. गावातली अर्धी भांडणं त्या निवाडा न करता मिटवत, कारण त्यांच्यासमोर जाऊन स्वतःचा मूर्खपणा ऐकून घेण्यापेक्षा लोकांना समेट परवडे. त्यांनी पत्रावळ बाजूला सारली आणि कोतवाल सेवालालला हाक मारली.

"सेवालाल, वाटेवर उभा राह्य. एकही माणूस शेताबाहेर जायचा नाही. माणसायचे खिसे तू पाह्य, बायांचं मी पाहतो."

खिसे पाहायचे म्हटल्यावर ज्याला त्याला देव आठवला. जगदेवराव ओट्यावर डोकं टेकून रडले. होणारा जावई गणेश प्रदक्षिणा घालून आला. वर्षाराणीचा भाऊ मुन्ना हात जोडून आला. अकॅडमीवाले हरीओम सर जाळीच्या दारातून हात आत घालून मारोतीचे पाय शिवून आले, रंगूबाईनं कानशिलावर बोटं मोडली, आणि शेवटी वर्षाराणी नुसतीच जाऊन उभी राहिली.

मग झडती झाली. खिसे, पिशव्या, चपला, डब्यांची बुडं, ट्रॅक्टरची ट्रॉली. शेतातून माणूस बाहेर गेला नव्हता.

कार्ड मात्र नव्हतं. आणि मुंबईला जाणारी ट्रॅव्हल्स संध्याकाळी सुटणार होती.

२

"ठाण्यात कळवायचं का?" सेवालालनं विचारलं.

"कळव. परवा येतील, पंचनाम्याच्या अगोदर रोडगे मागतील." ज्योत्स्नाताई कडुनिंबाखाली चटईवर बसल्या. "त्यापेक्षा मले एकेक माणूस आणून दे."

पहिलं काम सोपं होतं. कार्ड कोणी कोणाच्या हातात दिलं, हे माणसागणिक विचारत त्या पुढे सरकल्या. लोक एरवी बायकोचं नाव विसरतील, पण परदेशी वस्तू आपल्या हातातून कोणाच्या हातात गेली हे कोणी विसरलं नव्हतं. शेवटी साखळी ओट्याजवळच्या मानाच्या ओळीपाशी येऊन तुटली. तिथं गणेश, मुन्ना, हरीओम सर आणि वर्षाराणी बसली होती, आणि पातेलं घेऊन रंगूबाई वाढत होती. कार्ड त्या पाचांत आलं. पुढे गेलं नाही.

हरीओम सरांना बोलवावं लागलं नाही. ते स्वतःच आले. कडक इस्त्रीचा शुभ्र शर्ट, शुभ्र पँट, राखेचा एक कण नाही की वरणाचा शिंतोडा नाही. गावात शिरताना फाट्यावर यांचा फ्लेक्स लागतो. 'गगनझेप करिअर अकॅडमी', त्याखाली सरांचा चेहरा बैलगाडीच्या चाकाएवढा, आणि कोपऱ्यात तिकिटाएवढी वर्षाराणी. 'आमची विद्यार्थिनी, थेट बेल्जियम!' पोरगी त्यांच्या वर्गात एक दिवस बसलेली नव्हती. बारावीत असताना फॉर्म विचारायला गेली होती, तेवढ्यावर त्यांनी तिला घडवली.

"ताई, माझ्या तर काळजाचं पाणी झालंय," सर व्यासपीठावरच्या आवाजात म्हणाले. "परवा तालुक्याला, मालेगावात, नव्या शाखेचं उद्घाटन. वर्षाराणीनं फीत कापावी अशी माझी किती इच्छा! ती म्हणाली, सर, मला जायचंय. मी मोठ्या मनानं घेतलं. पण आज हे संकट!"

"तुमच्या हातात आलं होतं कार्ड?"

"आलं, मी मस्तकाला लावलं, आणि पुढे दिलं. कोणाला ते आठवत नाही. माझं लक्ष सेवेत होतं. सकाळपासून मी स्वतः विस्तवापाशी बसून रोडगे उलटवलेत, ताई. आपण मातीतली माणसं."

"हो का," ज्योत्स्नाताईंनी त्या शुभ्र शर्टाकडे पाहिलं. "अन् थे बेल्जियमचं विद्यापीठ कसं असते हो, सर? तुमी तं पोरायले रोज सांगता म्हणे."

सर खुलले. "शिस्त! पहाटे प्रार्थना, मोबाइलला बंदी, चोवीस तास अभ्यासिका. प्राचार्य समोरून गेले की चाळीस हजार विद्यार्थी एकदम उठून उभे राहतात. मी आपल्या अकॅडमीत तोच पॅटर्न आणलाय."

"बापा. चाळीस हजार खुर्च्यायचा केवढा आवाज होत असंन."

सर हसले, कारण हा विनोद आपल्यावर आहे हे त्यांना समजलं नव्हतं. ज्योत्स्नाताई त्यांच्या मागोमाग मानाच्या ओळीपर्यंत गेल्या. पत्रावळी अजून तशाच होत्या. गणेशच्या पानात कुस्करलेला रोडगा अर्धा खाल्लेला, मुन्नाचं पान पुसून काढलेलं. सरांच्या पानात वरणाचं तळं साचलेलं, पण त्यात रोडग्याचा चुरासुद्धा नव्हता.

साहेबांना गहू पचत नसेल, असं त्या मनात म्हणाल्या, आणि पुढच्या माणसाला हाक मारली. तो आधीच घामाघूम झालेला होता.

३

गणेश पुण्यात कुठल्याशा कंपनीत होता. वर्षाराणीशी त्याची बोलणी पक्की झाली होती, फाल्गुनात लग्न. सासऱ्याला खूश करायला त्यानं सकाळीच बाह्या सरसावून विस्तवापाशी बैठक मारली होती. त्याच्या एका मनगटावर फोड आला होता, आणि तो ते मनगट सगळ्यांना दिसेल असं धरून होता.

"मी कशाला घेऊ कार्ड, काकू?"

"ती गेली नाही तं लग्न लवकर होते."

"लग्न तसंही होणारच आहे. मी तिला सांगितलंय, झालं तेवढं शिक्षण पुष्कळ. पीएचडी करून शेवटी काय, मातीच ना? तिथे तिला काय मिळतं सांगा. दिवसभर एका खोलीत काचेच्या नळीत चिखल बघते. मी एकदा व्हिडिओ कॉलवर पाहिलं. एवढ्या लांब जाऊन चिखल!"

"अन् तू पुण्यात काय पाहतो रे बापू?"

"मी? एक्सेल."

ज्योत्स्नाताईंनी मान डोलावली. या पोराला दुसऱ्याचं चोरण्याएवढीही कल्पनाशक्ती नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. पण कल्पनाशक्ती नसलेली माणसंच रागात काहीबाही करतात, हेही त्यांना ठाऊक होतं. "देवाजवळ काय मागत होता मघाशी?"

"हेच की कार्ड सापडू दे," तो म्हणाला, आणि खाली पाहत पुढे म्हणाला, "पण लगेच नको."

मुन्नाला आणलं तेव्हा तो बसलाच नाही. राखेनं माखलेला, डोळे धुरानं लाल. गोवऱ्या रचण्यापासून मारोतीपुढे नैवेद्याचे रोडगे मांडण्यापर्यंत सगळं त्यानंच केलं होतं.

"विचारा," तो म्हणाला. "सारे मलेच पाहून राह्यले. घरात राह्यलेला पोट्टा चोरच असते."

"तुया राग हाये बहिणीवर."

"हाये." त्यानं पायानं ढेकूळ फोडलं. "तिकडं ज्या मातीवर ती पीएचडी करते ना, थी कुठली हाये माहीत आहे? हे, इथली. एप्रिलच्या उन्हात मी खणली. जमिनीले हात हात भेगा पडलेल्या, त्या भेगेची माती निराळी अन् मधातली निराळी, असं तिनं फोनवर सांगावं अन् मी खणावं. पिशव्या भरल्या, कागदं लावले, वाशीमले जाऊन पाठवली. मंग तिचा लेख छापून आला. बाबानं गावभर दाखवला. त्याच्यात खाली आभार होते. प्राध्यापिकेचे आभार, काच धुवून देणाऱ्या पोराचेही आभार. तिकडं कोणी काच धुतली त्याचं नाव हाये, पाटीलबाई. माती खणली त्याचं नाही."

ज्योत्स्नाताईंनी त्याच्या राखेनं माखलेल्या हातांकडे पाहिलं.

"मंग कार्ड घेतलं का?"

"घेतलं असतं तं सांगून घेतलं असतं," मुन्ना म्हणाला. "तिले समजलं पाह्यजे ना, कोणी घेतलं थे."

हे उत्तर त्यांना पटलं. पटलं म्हणूनच त्यांना काळजी वाटली, कारण आता उरल्या दोन बाया, आणि त्या दोघींवर त्यांचा जीव होता.

४

रंगूबाई पातेलं सोडायला तयार नव्हती. तळाशी थोडं तूप उरलं होतं, ते ती लुगड्याच्या पदराखाली धरून आली.

"मी घेतलं असं म्हणता का, पाटीलबाई? म्हणा. मले वाटते ती जाऊ नये. वाटते! तिले पाळण्यात मी हालवलं. आता फोनवर दिसते, अन् मधातच तोंड अडकून राह्यते. हसता हसता अडकते, मंग मी तशीच पाहत बसतो, कवा हालते म्हून."

"म्हणजे तुले पाह्यजे होतं थे झालं."

"मले पाह्यजे होतं!" रंगूबाई उसळली. "पण नवस कोण बोललं? पोरगी टिकू दे म्हून नवस बोलायचा अन् मंग तिचंच कार्ड चोरायचं? मारोती काय पंचायतीचा मेंबर हाये का, इकडूनही घ्यायले अन् तिकडूनही?" तिनं डोळ्याला पदर लावला, आणि लगेच पलीकडे पाहून ओरडली, "ये पोरायनो, देवाच्या नैवेद्याजवळ जाऊ नका! दिवस मावळल्याबिगर हात लावायचा नाही त्याले, गुराख्यायचा मान असते! या आजकालच्या पोरायले काही समजतच नाही. ही वर्षी लहान होती तवा तिनं देवाच्या रोडग्यावर तूप ओतलं होतं. अशी चापट ठेवून देल्ली होती मी! आमचा मारोती कोरडा हाये म्हटलं."

"वर्षीले पाठव," ज्योत्स्नाताई म्हणाल्या.

वर्षाराणी येऊन त्यांच्याशेजारी चटईवर बसली. समोर नाही, शेजारी. तिचं बोलणं अजून इथलंच होतं, फक्त आवाज खाली आला होता. तिकडं कोणी ओरडत नाही, त्याची सवय लागली असावी.

"काकू, खरं सांगू?"

"नाही, खोटं सांग. तेच ऐकून राह्यली मी दुपारपासून."

ती हसली. "कार्ड हरवलं असं समजलं ना, तवा पहिल्यांदा मले बरं वाटलं. एक क्षणभर. वाटलं, आता जाता येत नाही. सुटली."

सरळ कबुलीजबाब म्हणावा असं हे वाक्य होतं.

"काहून गं?"

"सोमवारी समिती बसते. पाच जणं. पहिल्या वर्षाचं काम पाहतात अन् सांगतात, पुढं करायचं का नाही. ऑनलाइन चालत नाही, मातीचे नमुने समोर ठेवून दाखवा लागते. मी नसली तं ते वाट पाहत नाहीत, पुढच्याची फाईल उघडतात. अन् इथं साऱ्यायले वाटते मी तिकडं पहिली येते." तिनं गुडघ्यांना मिठी घातली. "तिथं पहिलं-दुसरं काही नसतेच, काकू. शहरभर इमारती, मातीची एक इमारतच निराळी. प्राध्यापिका सायकलवर येते, तिले मॅडम म्हणायचं नाही, नावानं हाक मारायची. माही जीभ वळेना. वर्षभर मी तिले हाकच नाही मारली, समोर जाऊन उभी राह्यची, तिनं मान वर करेपर्यंत. पहिल्यांदा काम दाखवलं तं ती म्हणाली, इंटरेस्टिंग. मी खुशीत घरी फोन केला. मंग दोन महिन्यानं समजलं, तिकडं इंटरेस्टिंग म्हणतात म्हणजे कागद कचऱ्यात गेला."

"इथं तोंडावर मूर्ख म्हणतात. बरं असते."

"तेच म्हणतो मी. इथं हरीओम सर मले घडवलं म्हणतात, गणेश चिखल म्हणतो, बाबा कार्ड नाचवतात. अन् तिकडचे हसून इंटरेस्टिंग म्हणतात. कोणालेच माह्या कामाशी घेणं नाही." तिनं जमिनीवर बोटानं रेघ ओढली. "पण थे काम हाये ना काकू, थे खरं हाये. आपल्या जमिनीत पाणी कुठून खाली जाते, भेगेतून का ढेकळातून, थे मले दिसून राह्यलं आता. आतापर्यंत कोणी पाह्यलंच नव्हतं. थे मले पुरं करायचं हाये. बरं वाटलं थे एकच क्षण. मंग मी मारोतीपुढं जाऊन उभी राह्यली."

"तू घेतलं नाही."

"नाही."

"मंग उठ. तोंड धू. अन् चाल, मारोतीच्या पाया पडून येऊ."

देवावर ज्योत्स्नाताईंचा फार भरवसा नव्हता. त्यांना फक्त ओटा जवळून पाहायचा होता. दुपारी झडतीच्या आधी ते सगळे तिथे गेले होते, आणि तिथे काहीतरी सोडून आल्याशिवाय माणसं रिकामी कशी झाली, हे कोडं त्यांना कडुनिंबाखाली सुटत नव्हतं.

जाळीच्या दाराआड शेंदरी मारोती. पुढे पळसाच्या पानावर मुन्नानं मांडलेले रोडगे, राखाडी, खडबडीत, एकावर एक. आणि सगळ्यांत मागे, मूर्तीच्या पायाशी, एका रोडग्यावर लाल मुंग्यांची रांग लागलेली. बाकीच्यांकडे एकही मुंगी वळली नव्हती.

ज्योत्स्नाताईंनी हात लावला नाही. हसल्या मात्र, दुपारपासून पहिल्यांदा.

५

"मंडळी," त्या ओट्याच्या पायरीवर उभ्या राहिल्या, "माणसायची अक्कल संपली. आता देवाले विचारू. कार्ड ज्यायच्या हाती आलं होतं, त्या पाचायनं एकेक रोडगा मारोतीपुढं ठेवायचा. ज्याच्या मनात पाप असंन त्याचा रोडगा देव घेत नाही."

गावाला हे फार आवडलं. ठाणं, पंचनामा यापेक्षा हे कितीतरी पटण्यासारखं होतं. गणेशनं मात्र नाक मुरडलं.

विस्तवाशेजारी टोपल्यात रोडगे उरले होते, आणि शेजारीच तुपाचं पातेलं. ज्योत्स्नाताईंनी ते रंगूबाईच्या पदराखालून काढून मुद्दाम तिथे ठेवलं होतं, आणि तिच्या दंडाला असा चिमटा घेतला होता, की काहीही पाहिलं तरी तिचं तोंड उघडू नये.

"पहिला मान कोणाचा?" मुन्ना पुढे सरसावला.

"थांब बे. मोठी माणसं असताना तुया कायचा मान? हरीओम सर, तुमी या. शिक्षणाचं काम करणारे तुमी."

मान म्हटल्यावर हरीओम सर आजवर कधी मागे राहिले नव्हते. केसांवरून हात फिरवत ते आले. कोणाच्या तरी मोबाइलकडे पाहून किंचित थांबले, म्हणजे फोटो नीट यावा. टोपल्यातला सगळ्यांत मोठा रोडगा त्यांनी निवडला, फोडला, आणि पातेलं तिरकं करून त्यावर तुपाची धार धरली.

"देवाला काय कंजूषी करायची!" ते म्हणाले.

धार पडत होती, आणि लोक एकमेकांकडे पाहत होते. शेवटी रंगूबाईला चिमटा पुरला नाही.

"आगं माय! मारोतीले तूप!"

सरांचा हात थांबला.

"कायले थांबता, सर?" ज्योत्स्नाताई म्हणाल्या. "सकाळपासून तं तुमीच रोडगे भाजून राह्यले. मंग तुमाले कसं माहीत नाही? देवाचे पहिले कोरडे निघतात. विस्तवाजवळ क्षणभर जो बसला, त्याच्या कानावर रंगूबाईचं बोंबलणं पडलंच असंन. गणेशले माहीत हाये, त्याचा तं हातही भाजला. मुन्नानं देवाचे मांडले. वर्षीनं यापायी लहानपणी चापट खाल्ली. रंगूबाईचं तं बोलायलेच नको. जो पंगत बसल्यावर येते अन् ताट उचलायच्या आत जाते, त्याच्या पानात रोडगा तुपासकटच पडते. त्याले वाटते, रोडगा असाच जन्मले येते."

"यात चोरीचा काय संबंध?" सरांचा आवाज अजून व्यासपीठावर होता, पण पाय खाली उतरले होते.

ज्योत्स्नाताईंनी जाळीचं दार उघडलं, मागचा रोडगा उचलला आणि सगळ्यांना दिसेल असा धरला. तूप थिजून त्यावर पिवळा थर आला होता आणि मुंग्या त्यात रुतल्या होत्या.

"मुन्नानं मांडलेल्या कोरड्यायमधात हा एकच तुपाळ. म्हणजे हा कोणाच्या तरी पानातून इथं आला. झडतीच्या आधी जाळीतून हात आत घातला थे एकानंच. अन् मानाच्या ओळीत एकच पान असं होतं, ज्यात वरण होतं अन् रोडगा नव्हता. दिवस मावळेपर्यंत याले कोणी हात लावत नाही, हे सरायनं बरोबर ऐकलं होतं. कोरडं ठेवायचं असते, तेवढं नाही ऐकलं."

त्यांनी रोडगा दोन्ही हातांनी फोडला. कणकेच्या पदरांमधून तुपानं माखलेलं कार्ड खाली पडलं. वर्षाराणीचा फोटो वर आला, मोठ्या डोळ्यांनी पाहत.

६

कोणी मारायला धावलं नाही. सगळे नुसते पाहत राहिले, आणि ते जास्त वाईट होतं.

"दोनच दिवस!" सरांची पुस्तकी भाषा एकदम गळून पडली. "दोन दिवस थांबली असती तं काय झालं असतं? परवा उद्घाटन. साऱ्या मालेगावात फ्लेक्स लावले मी, बेल्जियमहून खास फीत कापायले म्हून. मंग मीच शोधून आणून देल्लं असतं कार्ड! आपल्या ओळखी हायेत म्हटलं असतं!"

"अन् सोमवारची समिती?" वर्षाराणीनं विचारलं.

"थे समिती काय पळून जाते का? त्यायले एक अर्ज द्यायचा. प्राचार्याले भेटायचं."

वर्षाराणी त्यांच्याकडे पाहत राहिली. एका वर्षात तिकडून काहीतरी शिकून आलेली पोर ती. आवाज न चढवता ती म्हणाली, "इंटरेस्टिंग."

सरांना ते कौतुक वाटलं. त्यांनी उमेदीनं मान वर केली. "मंग बेटा, जायच्या आधी कार्डासोबत एक फोटो घेऊन टाकू का? तेवढंच..."

मुन्ना खो खो हसला. मग गणेश हसला, मग पंगत. जगदेवराव तेवढे हसले नाहीत. कार्ड नाचवलं कोणी, हे त्यांना आता आठवलं असावं. ते खाली वाकले, कार्ड उचलून धोतराच्या सोग्यानं पुसलं, आणि लेकीच्या हातात दिलं, आणि पुन्हा त्याकडे पाहिलं नाही.

"तक्रार द्यायची का, वर्षी?" ज्योत्स्नाताईंनी विचारलं.

"ट्रॅव्हल्स सुटंन, काकू."

"मंग इथलं मी पाहतो." त्या फुटक्या रोडग्याचे तुकडे पानावर गोळा करून त्यांनी सरांपुढे धरले. "देवाले ठेवलेलं टाकता येत नाही, सर. ज्यानं ठेवलं त्यानंच संपवायचं. बसा. मुंग्या निवडून घ्या, नाही निवडल्या तरी चालते."

आणि हरीओम सर बसले. शुभ्र पँटनिशी, राखेत, पहिल्यांदाच विस्तवाजवळ. ते एकेक तुकडा गिळत होते, आणि रंगूबाई जातीनं समोर उभी राहून पाहत होती.

वर्षाराणी गेली. गणेश तिला सोडायला आला नाही, मनगटाला मलम लावायचं म्हणाला. फाल्गुनातलं लग्न मोडलं हे गावाला कळायला वेळ लागला, कारण ते मोडावं यावर दोन्ही घरं न बोलता सहमत होती.

मुन्नानं बहिणीची बॅग ट्रॅव्हल्सच्या पोटात टाकली. दोघं काय बोलले ते ज्योत्स्नाताईंना ऐकू आलं नाही. पण गाडी हलल्यावर तो बराच वेळ तिथेच उभा होता.

त्यानंतरच्या आठवड्यात माघाच्या आधीच आभाळ भरून आलं. गोट्यांच्या शेतात तुरीची गंजी उघडी होती. ज्योत्स्नाताई तिथून जात होत्या, तर मुन्ना गंजीवर फ्लेक्स ओढून झाकत होता. फाट्यावरचाच. सरांचं चाकाएवढं तोंड तुरीवर पालथं पडलं होतं आणि कडांना धोंडे ठेवलेले होते.

"चोरला का रे?"

"सांगून घेतला," मुन्ना म्हणाला. मग हात पँटला पुसत त्यानं मोबाइल काढला. "हे पाहा, पाटीलबाई. सोमवारी तिनं समितीपुढं जे दाखवलं, त्याचं शेवटचं पान, आभाराचं. पास झाली म्हणते. पुढं करा म्हणाले."

काच फुटलेल्या मोबाइलवर परक्या भाषेतल्या ओळी होत्या. ज्योत्स्नाताईंना त्या वाचता येत नव्हत्या. पण सगळ्यांत वर, त्या परक्या अक्षरांच्या वर, तिनं मराठीत एक ओळ लिहिली होती: 'माती: मुन्ना गोटे, किन्हीराजा.'

"प्राध्यापिकेनं विचारलं म्हणे, हे काय लिहिलं? मंग हिनं तिले वाचून दाखवलं." मुन्नानं मोबाइल खिशात ठेवला, पुन्हा काढून एकदा पाहिला. "अन् कार्डाले अजून तुपाचा वास येऊन राह्यला म्हणते. विमानतळावरच्या बाईनं नाकाजवळ नेऊन पाह्यलं."

पहिले थेंब फ्लेक्सवर वाजू लागले. ज्योत्स्नाताईंनी पदर डोक्यावर घेतला.

"धोंडा सरायच्या तोंडावर ठेव रे," त्या जाता जाता म्हणाल्या. "वारा आला तं पहिले तेच उडंन."